मुक्त शैक्षणिक संसाधने (शालेय वर्गातील वापर)

मुक्त शैक्षणिक संसाधने म्हणजे शिकण्या-शिकवण्याचे असे साहित्य, ज्याचा स्वामित्वहक्क संपलेला आहे किंवा ज्याच्या निर्मात्याने ते वापरण्याची, बदलण्याची आणि पुढे वाटण्याची परवानगी आधीच देऊन ठेवली आहे. पाठ्यपुस्तक, कृतिपत्रिका, आकृती, चित्रफीत, प्रश्नसंच, संगणकावर करायचा प्रयोग असे काहीही त्यात येते. मोफत ऑनलाइन साधने ही त्यांना लागूनच असलेली, पण वेगळी गोष्ट आहे. एखादे संकेतस्थळ पैसे मागत नाही, एवढ्यावरून त्यातला धडा छापून वर्गात वाटण्याची किंवा त्यात फेरफार करण्याची मुभा मिळत नाही. उलट, मुक्त पाठ्यपुस्तकाच्या छापील प्रतीला पैसे पडले तरी ते मुक्तच असते. शाळेत ही गल्लत सर्रास होते. शिक्षकाने किंमत पाहण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात: साहित्य आपल्या मुलांपुरते बदलून घेता येते का, आणि ते कायम आपल्यापाशी ठेवता येते का.

अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ डेव्हिड वायली यांनी मुक्त साहित्याची कसोटी पाच हक्कांत मांडली आहे: जवळ ठेवणे, वापरणे, बदलणे, दुसऱ्या साहित्यात मिसळणे आणि वाटणे. यातला जवळ ठेवण्याचा हक्क त्यांनी २०१४ मध्ये नंतर जोडला. लॉगिन करूनच वाचता येणारे, उतरवून न घेता येणारे साहित्य वाढत चालले होते, हे त्यामागचे कारण. शाळेसाठी पाचांतला हाच हक्क सर्वांत मोलाचा म्हणावा लागेल, कारण शिक्षक तोच धडा वर्षानुवर्षे शिकवतो.

उदय : या चळवळीची सुरुवात विद्यापीठांत झाली. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने २००१ मध्ये आपल्या अभ्यासक्रमांचे साहित्य सर्वांना खुले करण्याची घोषणा केली. २००२ मध्ये पॅरिसला युनेस्कोने भरवलेल्या बैठकीत या प्रकारच्या साहित्याला आजचे नाव मिळाले, आणि त्याच वर्षी डिसेंबरात क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेचे पहिले परवाने प्रसिद्ध झाले. केपटाउन जाहीरनामा, २०१२ चा पॅरिस जाहीरनामा आणि युनेस्कोच्या सर्वसाधारण परिषदेने नोव्हेंबर २०१९ मध्ये स्वीकारलेली शिफारस हे पुढचे टप्पे. शालेय पातळीवर ठळक उदाहरण दक्षिण आफ्रिकेचे आहे. तिथे स्वयंसेवकांनी लिहिलेली गणित-विज्ञानाची मुक्त पुस्तके ‘सियावुला’ या उपक्रमातून पुढे आली आणि २०१२ मध्ये सरकारने ती छापून शाळांना दिली. परवाना मुक्त असल्याने सरकारला लेखकांशी वेगळा करार करत बसावे लागले नाही.

परवाने : बहुतेक मुक्त साहित्य क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यांखाली असते. परवाने सहा आहेत आणि ते चार अटींच्या जोडण्यांतून बनतात: श्रेय द्या, बदललेली कृती त्याच परवान्याखाली खुली करा, व्यापारी वापर करू नका, बदललेली कृती वाटू नका. पहिली अट सहाही परवान्यांत असते. शेवटची अट दिसायला निरुपद्रवी वाटते, पण भाषांतर हाही कायद्याच्या दृष्टीने बदलच असतो. म्हणजे ही अट असलेली गोष्ट मराठीत आणून इतर शाळांना देता येत नाही. ज्या भाषांत मूळ साहित्यच थोडे, त्या भाषांच्या शिक्षकांना ही अट सर्वांत जाचक ठरते. म्हणूनच असे साहित्य वाचायला मोफत असले तरी सहसा मुक्त संसाधनांत धरले जात नाही.

प्रत्यक्षात हे काम कसे चालते, ते एका आकृतीवरून पाहता येईल. विकिमीडिया कॉमन्स या मुक्त चित्रांच्या ऑनलाइन भांडारात मानवी हृदयाच्या अनेक आकृत्या एसव्हीजी स्वरूपात आहेत. या स्वरूपात रेषा आणि अक्षरे बहुधा वेगवेगळी साठवलेली असतात. फाइल उतरवून इंकस्केप या चित्रे काढण्याच्या मोफत आज्ञाप्रणालीत उघडली, की इंग्रजी नावावर दोनदा क्लिक करून तिथेच ‘डावी जवनिका’ असे टाइप करता येते. सगळी नावे पुसून बाण तेवढे ठेवले, तर तीच आकृती चाचणीची प्रश्नपत्रिका होते. आकृतीखाली तिचे नाव, निर्मात्याचे नाव, मूळ दुवा, परवाना आणि ‘नावे मराठीत केली’ अशी नोंद असली म्हणजे श्रेयाची अट पुरी झाली. परवान्यात त्याच अटीवर वाटण्याचे बंधन असेल, तर मराठी आकृती इतरांना देताना तोच परवाना लावावा लागतो. असे परवाने मागे घेता येत नाहीत. निर्मात्याने उद्या मूळ आकृती काढून टाकली तरी घेतलेली प्रत त्याच अटींवर वापरता येते.

दोन परवाने एकत्र आणताना मात्र अडचण येते. विकिपीडियावरच्या मजकुराला समान परवान्याची अट आहे. दुसऱ्या एखाद्या संकेतस्थळावरच्या मजकुराला समान परवान्याबरोबर अव्यापारी वापराचीही अट असू शकते. दोन्हींतली वाक्ये गुंफून एकच धडा तयार केला, तर तो वाटताना दोन्ही अटी एकाच वेळी पाळता येत नाहीत, कारण दोन्ही परवाने आपापलाच परवाना लावायला सांगतात. दोन्ही उतारे वेगवेगळे ठेवून, प्रत्येकाखाली त्याचा परवाना लिहून एकाच पुस्तिकेत दिले, तर चालते.

साधने : कोलोरॅडो विद्यापीठात नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेला ‘फेट’ प्रकल्प विज्ञान-गणिताची सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावर करून पाहायचे प्रयोग, देतो. त्यातल्या विद्युत मंडलाच्या सिम्युलेशनमध्ये मूल बॅटरी, तारा आणि दिवा जोडते, तसे तारेतून सरकणारे इलेक्ट्रॉन दिसू लागतात. दिवा वगळून बॅटरीची दोन टोके थेट तारेने जोडली, की बॅटरीतून ज्वाळा निघताना दिसतात. खऱ्या बॅटरीवर हे करू देणे धोक्याचे आहे. तारेतले ते निळे गोळे हे प्रारूप आहे, इलेक्ट्रॉन असे दिसत नाहीत, हे मात्र शिक्षकानेच सांगायला हवे. माउसने जोडलेले मंडल हातांनी तार सोलून, जोडून पाहिलेल्या मंडलाची जागा पूर्णपणे घेत नाही. दोन्ही प्रयोग एकामागून एक करणे उत्तम.

‘स्क्रॅच’ (२००७) या प्रोग्रॅमिंगच्या साधनात मुक्तपणा मुलांच्याच हाती दिलेला आहे. तिथे प्रसिद्ध केलेला प्रत्येक प्रकल्प मुक्त परवान्याखाली येतो. कोणीही तो उघडून ज्यांच्या जुळणीतून प्रोग्रॅम बनतो ते आतले ठोकळे पाहू शकतो, बदलू शकतो, आणि नव्या प्रकल्पावर मूळ मुलाचे नाव आपोआप येते. दुसऱ्याच्या कामावरून शिकणे आणि त्याची नक्कल मारणे यांतला फरक मुलांना दाखवून द्यायला याहून चांगली जागा क्वचितच मिळेल. भूमितीसाठी जगभर वापरले जाणारे ‘जिओजेब्रा’ हे मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये साल्झबर्ग येथे पदव्युत्तर प्रबंधाचा भाग म्हणून सुरू केले. शाळांना ते मोफत आहे, व्यापारी वापरावर मात्र बंधने आहेत.

मर्यादा : मोफत सेवा चालवणारा ती कधीही बंद करू शकतो. शिक्षकांत लोकप्रिय असलेली, वर्गाची संकेतपाने बनवण्याची विकीस्पेसेस ही सेवा बंद पडली. गूगलचा जॅमबोर्ड हा डिजिटल फळा २०२४ च्या अखेरीस बंद झाला. अडोबी या कंपनीने डिसेंबर २०२० मध्ये फ्लॅश या आपल्या ॲनिमेशनच्या तंत्राचा आधार काढून घेतला, तेव्हा वर्गांत वापरली जाणारी असंख्य ॲनिमेशन एकदम निकामी झाली. त्यांपैकी जी नव्या तंत्रात आणली गेली ती टिकली, आणि तसे करण्याची परवानगी कोणाला होती, यावर पुष्कळ काही ठरले.

दुसरी बाब मुलांच्या माहितीची. पैसे न घेणाऱ्या कित्येक सेवा नाव, वय, ठिकाण आणि वापराच्या सवयी टिपून घेतात. ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनेने २०२२ मध्ये ४९ देशांतील सरकारांनी कोविड महासाथीच्या काळात पुरस्कारलेली ऑनलाइन साधने तपासली, तेव्हा त्यांतली बहुसंख्य मुलांच्या हक्कांना बाधा येईल अशा रीतीने माहिती हाताळत असल्याचे आढळले. म्हणून ज्या साधनाला खात्याची गरज नाही ते आधी निवडावे. खाते लागणारच असेल, तर ते शिक्षकाच्या नावाने काढून पडद्यावर सर्वांना दाखवावे.

इंटरनेट नसलेल्या शाळेतही यातले पुष्कळ चालते. ‘किविक्स’ या मोफत आज्ञाप्रणालीने अख्खा विकिपीडिया एका फाइलमध्ये उतरवून घेता येतो. ‘कोलिब्री’ हे इंटरनेटविना शिकण्याचे साधन एका साध्या संगणकावर बसवले, की तिथल्या स्थानिक वाय-फायवरून वर्गातल्या इतर उपकरणांना धडे आणि चित्रफिती मिळतात. या दोन्हींचा पाया प्रती काढून ठेवण्याच्या परवानगीवरच उभा आहे. भाषेची उणीव मात्र अजून मोठी आहे, कारण मुक्त साहित्याचा मोठा वाटा इंग्रजीत आहे. प्रथम बुक्स या बालपुस्तकांच्या प्रकाशन संस्थेने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर बालकथा कोणालाही आपल्या भाषेत आणता येतात आणि तिथे मराठी गोष्टीही आहेत. माध्यमिक वर्गांच्या विज्ञान-गणितासाठी मराठीत असे काम अजून पुष्कळ व्हायचे आहे.