हेल्पलाइनचा फोन आणि ऑनलाइन समुपदेशन: मुलांसाठी कोणतं, केव्हा?

“ऑनलाइन काउन्सेलिंग करून पाहिलं, पोरात काही फरक नाही,” असं चोपडा-यावलकडचे पालक सांगतात, तेव्हा मी आधी विचारते, किती वेळा केलं? बहुतेकदा कळतं, हेल्पलाइनला एकदा फोन केला होता. दोन्ही गोष्टी मोबाइलवरच होतात, म्हणून एकच वाटतात. कामं मात्र फार वेगळी आहेत.

टेलि-मानस ही केंद्र सरकारची हेल्पलाइन १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. नंबर १४४१६. मोफत, चोवीस तास, मराठीतही. अपॉइंटमेंट लागत नाही आणि मूल स्वतः फोन लावू शकतं. पलीकडचा प्रशिक्षित समुपदेशक ऐकून घेतो, त्या घडीची घालमेल उतरवतो, गरज पडली तर तज्ज्ञाशी जोडून देतो. दहावीच्या निकालाच्या आदल्या रात्री दीड वाजता पोरगी रडत असेल, तर हाच नंबर. मात्र पुढच्या वेळी तोच माणूस फोनवर भेटेल याची खात्री नसते.

ऑनलाइन समुपदेशनात माणूस तोच राहतो, आणि खरं काम त्यामुळेच होतं. साधारण आठवड्यातून एकदा, पाऊण तास. सुरुवातीला पालकांशी बोलणं होतं, अठराच्या आतल्या मुलासाठी त्यांची संमती घेतात, मग मुलाशी एकट्याने. नववीतला एक मुलगा पहिली दोन सेशन्स कॅमेरा छताच्या पंख्याकडे करून बसला होता. आई दाराशी तूर निवडत होती, तिचा एक कान आतच. तिसऱ्या वेळी तिला शेजारी पाठवलं, मुलाला इअरफोन दिले, तेव्हा कुठे त्याने वर्गातल्या चिडवण्याचा विषय काढला. इतका वेळ लागतोच, पालकांनी तो द्यायला हवा. “काय बोलला रे?” हा प्रश्न सेशन संपल्या संपल्या टाकू नका. मुलाच्या जिवाला धोका असेल, तर समुपदेशक स्वतःहून तुम्हाला सांगतो. लैंगिक अत्याचार कळला, तर पॉक्सो कायद्याने (२०१२) त्याला पोलिसांना कळवावंच लागतं. बाकीचं मुलाचं राहू द्या.

सहा-सात वर्षांचं लेकरू स्क्रीनसमोर पाऊण तास बोलत नाही. तिथे समुपदेशक आईवडिलांनाच शिकवतो, नाहीतर प्रत्यक्ष भेटीत खेळातून, चित्रांतून काम करतो.

फी देण्याआधी शिक्षण आणि नोंदणी बिनधास्त विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. औषध लिहून देणं हे मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांचं काम, समुपदेशकाचं नव्हे.

धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर व्हिडिओ कॉल अडकतो, तिथे साधा फोन चालणारी हेल्पलाइनच आधी हाताशी येते. पुढच्या उपचारासाठी नंदुरबार, धुळे, जळगावच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभागाची चौकशी करा.

मूल मरणाची भाषा बोलत असेल, तर पुढच्या सेशनची वाट पाहू नका. १४४१६ लगेच लावा, त्याला एकटं सोडू नका आणि घरातलं कपाशीच्या फवारणीचं औषध त्याच दिवशी कुलपात टाका. त्याने काही घेतल्याचा नुसता संशय आला तरी १०८ ला फोन करा आणि थेट दवाखाना गाठा.