आजोबांची भेट आणि सुवर्णयुगाची सीमारेषा

डॅनिश चित्रकार ज्यूलियस एक्सनर यांचे ‘आजोबांची भेट’ हे १८५३चे चित्र कोपनहेगनच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात आहे. कोपनहेगनलगतच्या आमागर बेटावरील शेतकरी कुटुंबातला हा घरगुती प्रसंग आहे आणि त्यात नाट्य म्हणावे असे काही नाही. तरीही त्याला डॅनिश ‘सुवर्णयुगा’त, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या डॅनिश चित्रकलेच्या बहराच्या काळात, जागा द्यायची की नाही, हा प्रश्न अजून मिटलेला नाही.

१८०७चा कोपनहेगनवरील ब्रिटिश तोफमारा, १८१३ची सरकारी दिवाळखोरी आणि १८१४ मध्ये हातचे गेलेले नॉर्वे, अशा पडझडीनंतर डॅनिश चित्रकला घराच्या चार भिंतींकडे वळली. मात्र शेतकऱ्याचे घर चित्रविषय झाले ते १८४४च्या एका व्याख्यानामुळे. चित्रकारांनी रोमची वाट सोडून आपल्या मातीतल्या लोकांकडे पाहावे, असे आवाहन एका प्रभावी कला-इतिहासकाराने त्यात केले होते. हे मानणारे ‘सोनेरी केसांचे’ आणि युरोपकडे पाहणारे ‘तपकिरी केसांचे’ अशी विभागणी पुढे रूढ झाली. गंमत अशी, की ज्या आमागरकरांच्या पेहरावात देशीपणा शोधला गेला, त्यांचे पूर्वज १५२१च्या सुमारास राजाच्या बोलावण्यावरून भाजीपाला पिकवण्यासाठी आलेले डच होते. खुद्द एक्सनर यांचे वडीलही बोहेमियाचे, म्हणजे आजच्या चेकियातले.

खरा गुंता आहे तो ‘सुवर्णयुग’ या शब्दाचा. तो त्या चित्रकारांच्या काळातला नव्हे. १८९०च्या सुमारास तो आधी साहित्याच्या अभ्यासात रुजला आणि तिथून चित्रकलेकडे आला. त्याची अखेर साधारणपणे १८४८ ते १८५० अशी धरली जाई, कारण तेव्हा श्लेस्विग प्रांतावरून युद्ध सुरू झाले, १८४९च्या संविधानाने निरंकुश राजेशाही संपली आणि पिढीही बदलत होती. या हिशेबात १८५३चे चित्र उंबरठ्याबाहेर राहते, आणि लोकजीवन रंगवणाऱ्यांवर भाबडेपणाचा शिक्का बसायला तेवढे पुरले. २०१९ मध्ये स्टॉकहोम आणि कोपनहेगन येथे झालेल्या मोठ्या प्रदर्शनाने ही सीमा १८६४पर्यंत, म्हणजे श्लेस्विग आणि होल्स्टाइन हे दक्षिणेकडचे प्रांत डेन्मार्कने ज्यात गमावले त्या पराभवापर्यंत नेली. त्यावर टीका झाली: शैली बदलल्यावरही युग तेच कसे, आणि चित्रकलेचा कालखंड लढायांनी का मोजायचा? पहिला आक्षेप वजनदार आहे. दुसरा मात्र जुन्या सीमेलाही तितकाच लागू पडतो, कारण १८४८ हे वर्षदेखील राजकारणातूनच उचललेले होते.

१८७०नंतर वास्तववादाच्या लाटेत अशी चित्रे मागे पडली. १८९१ मध्ये डेन्मार्कच्या उत्तर टोकाच्या स्कागन येथे चित्रकार ॲना अँकर यांनी निळ्या खोलीत विणकाम करणारी आपली मुलगी रंगवली. त्या चित्रात प्रसंगाइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व भिंतीवर पडलेल्या उन्हाला आहे. शतकाच्या अखेरीस चित्रकार विल्हेल्म हॅमरशॉय यांनी रंगवलेल्या खोल्यांमधून तर कित्येकदा माणूसच नाहीसा झाला. आज डॅनिश घराचे चित्र म्हटले की बहुतेकांना या रिकाम्या, करड्या खोल्याच आठवतात, आणि आमागरच्या आजोबांपर्यंत नजर फारशी जात नाही.