घरच्या बागेतला जपानी मेपल: मातीबंदीची पार्श्वभूमी

लहान बागेसाठी जपानी मेपल घेणाऱ्याला आज तीन गोष्टी हमखास भेटतात. बुंध्याशी कलमाचा सांधा असतो, कुंडीत मातीऐवजी झाडाच्या सालीचा भुसा असतो आणि चिठ्ठीवरच्या नावाची खात्री नसते. या झाडाचा इतिहास सहसा जपानी बागांच्या सौंदर्यदृष्टीपासून सांगतात. पण वरच्या तिन्ही गोष्टींवर बंदरांवरच्या तपासणीचा आणि त्यातही 1919 च्या एका अमेरिकी आदेशाचा ठसा जास्त आहे.

त्याआधीचा काळ थोडक्यात. बियापासून वाढवलेली रोपे एकमेकांसारखी निघत नाहीत. पानाचा रंग, कातर, फांद्यांची ठेवण, सगळे बदलते. म्हणून आवडलेले रोप टिकवायचे तर कलमाला पर्याय नव्हता, आणि एदो काळातल्या (1603–1868) माळ्यांनी नेमके तेच केले. आजच्या टोकियोतल्या सोमेई इथल्या एका रोपवाटिकेच्या घराण्याने 1710 मध्ये छापलेल्या यादीत 36 मेपल आहेत. 1882 च्या यादीत ही संख्या दोनशेंच्या वर गेली. युरोपात या झाडाला शास्त्रीय नाव मिळाले 1784 मध्ये. ते देणारा स्वीडिश डॉक्टर डच कंपनीच्या नोकरीत नागासाकीजवळच्या देजिमा बेटावर राहून गेला होता. बारीक चिरलेल्या पानांच्या झाडाला त्याने वेगळी जाती मानले. आज ते त्याच जातीचे एक रूप समजले जाते. इंग्लंडमध्ये पहिली रोपे 1820 मध्ये पोहोचली. पण खरा ओघ सुरू झाला तो 1859 मध्ये योकोहामा बंदर परदेशी व्यापाराला खुले झाल्यावर.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस योकोहामाच्या रोपवाटिका सचित्र सूचिपत्रे छापून कलमे समुद्रापार पाठवत होत्या. झाड हुंडीसकट यायचे, म्हणजे मुळांभोवतीची माती तशीच. मेपलची मुळे बारीक आणि उथळ असतात, उघडी पडली की लवकर सुकतात. त्यामुळे जहाजावरच्या लांबच्या प्रवासात हुंडी हीच रोपाची शिदोरी होती. आक्षेप आला तो तिच्यावरच.

आक्षेप हवेतून आला नव्हता. न्यूयॉर्कमध्ये 1904 मध्ये दिसलेल्या बुरशीने अमेरिकेतले चेस्टनट पुढच्या काही दशकांत जवळजवळ संपवले. टोकियोहून वॉशिंग्टनला भेट आलेली दोन हजार चेरीची झाडे कीड आढळल्यामुळे जानेवारी 1910 मध्ये सरकारनेच जाळली. ऑगस्ट 1912 मध्ये रोपांच्या विलगीकरणाचा केंद्रीय कायदा झाला. मग 1916 मध्ये न्यू जर्सीतल्या एका रोपवाटिकेत जपानी भुंगेरा सापडला. तो बहुधा आयरिसच्या मुळांबरोबरच्या मातीत अळीच्या रूपाने आला असावा, असे मानले जाते. प्रौढ भुंगेरा पाने खातो आणि जपानी मेपलही त्याला वर्ज्य नाही.

या पार्श्वभूमीवर 1 जून 1919 पासून विलगीकरण आदेश क्रमांक 37 लागू झाला. तोवरचा नियम ‘ज्यात कीड दिसेल ते अडवा’ असा होता. नव्या आदेशाने तो उलटा केला: ज्याला स्पष्ट परवानगी आहे तेवढेच आत येईल. बिया, कंद, फळझाडांचे खुंट (ज्यावर कलम बांधतात ती रोपे) अशा काही मालाला वाट ठेवली. शोभेच्या झाडांची तयार रोपे मात्र विशेष परवान्यावर, मोजक्या संख्येत आणि मुख्यतः पुढची रोपे करण्यासाठी आणता येत. मुळांवर माती चालणार नव्हती.

यावर वर्षानुवर्षे वाद झाला, आणि तो आजही पुरता मिटला आहे असे वाटत नाही. हौशी बागायतदार, ऑर्किड जमवणारे आणि वनस्पतिउद्यान चालवणारे विरोधात होते. किडीच्या नावाखाली देशी रोपवाटिकांना बाजार मोकळा करून दिला जातो आहे, असा त्यांचा आरोप होता. आरोपात तथ्य नव्हते असे म्हणवत नाही. आयात थांबल्याचा फायदा देशातल्या मोठ्या उत्पादकांना झाला आणि त्यातल्या अनेकांनी आदेशाची उघड बाजू घेतली. आदेशाच्या समर्थकांचा युक्तिवाद साधा होता. पानावरची कीड तपासनिसाला दिसते, मातीतली अळी, अंडी, बुरशी दिसत नाही. हुंडी फोडून पाहिली तर रोप मरते, न फोडता सोडली तर तपासणीला अर्थ उरत नाही. इथे समर्थकांची बाजू जड आहे, हे भुंगेऱ्याच्या पुढच्या पसाऱ्याने दाखवले. पण किडींविरुद्ध केलेल्या उपायाने मेपलच्या नावांचे जे झाले, त्याचा हिशेब दोन्ही बाजूंनी मांडला नाही.

कारण कलमे अडली तरी बी येत राहिले. बी पेरून वाढवलेली, त्यातली लालसर निवडलेली रोपे स्वस्त पडत आणि विकलीही जात. लाल पानांच्या अशा रोपांना एकच लॅटिन नाव चिकटवले जाई, मग ते कलम असो वा बियाचे रोप. वाणांच्या नावांचे आंतरराष्ट्रीय नियम 1953 मध्ये प्रथम छापले गेले, तोवर ही सवय मुरली होती. ‘ब्लडगुड’ हा दुसऱ्या महायुद्धाआधीचा अमेरिकेतल्या लाँग आयलंडचा गडद लाल वाण. त्याच्याच बियांपासून केलेली रोपे पुढे त्याच नावाने खपवली गेली. लहान बागेच्या मालकाला याची झळ उंचीत बसते. चिरलेल्या पानांचे, खाली झुकणारे कलम वर्षानुवर्षे माणसाच्या उंचीच्या आसपास राहते. बियाचे साधे रोप सहा-आठ मीटरपर्यंत जाऊ शकते, आणि हे लक्षात येईपर्यंत ते खिडकीच्या वर गेलेले असते.

जपानमध्येही तोवर पडझड झाली होती. युद्धकाळात सरपण आणि अन्नधान्याच्या जमिनीपुढे शोभेच्या झाडांना किंमत उरली नाही, अनेक संग्रह तुटले आणि यादीतली कित्येक नावे नुसती नावेच राहिली. युद्धानंतर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर जुनी कलमे शोधून, जपानी याद्यांशी ताडून पुन्हा वाढवण्याचे काम काही चिकाटीच्या मंडळींनी केले. इंग्रजीतले या झाडांवरचे पहिले मोठे पुस्तक त्यातूनच 1978 मध्ये आले. तरी कोरलसारख्या लाल फांद्यांचा ‘सांगो काकू’ आजही कित्येक ठिकाणी ‘सेनकाकी’ म्हणून विकला जातो.

अलीकडचा अध्याय पुन्हा भुंग्याचाच, पण या वेळी मातीपेक्षा लाकडाचा. लिंबूवर्गीय लांबशिंगी भुंग्याची अळी जिवंत खोडात पोखरत राहते आणि बाहेरून बराच काळ काही कळत नाही. ऑगस्ट 2001 मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या टकविला इथल्या एका रोपवाटिकेत कोरियाहून आलेल्या मेपलच्या बोन्सायमध्ये तो सापडला. काही भुंगे निसटल्याची शंका होती, म्हणून आसपासची सुमारे हजार झाडे तोडावी लागली. त्यात खाजगी अंगणातली झाडेही होती. युरोपात तो इटलीच्या लोम्बार्डी भागात 2000 च्या सुमारास घर करून बसला होता. ब्रिटनमध्ये 2008 मध्ये, टपालाने विकलेल्या चिनी मेपलच्या रोपांमधून तो थेट घरांत पोहोचला. युरोपीय संघाने 2010 मध्ये चीनमधून मेपल आणण्यावर बंदी घातली, ती एप्रिल 2012 अखेरपर्यंत होती. डिसेंबर 2019 पासून तर सगळ्याच मेपलची लागवडीची रोपे तिथे ‘उच्च जोखीम’ यादीत आली. म्हणजे आधी जोखमीचे मूल्यमापन, मग प्रवेश. शतकापूर्वीच्या आदेशाचे तत्त्वच हे, फक्त कागदपत्रे जाड झाली.

याचा परिणाम रोपाच्या रूपावर झाला आहे. जाड खोडाची आयात झाडे कमी झाली. एक-दोन वर्षांची, बारीक खोडाची कलमे वाढली. कुंडीतले मिश्रण मातीविना, सालीच्या भुशाचे झाले. ते हलके असते, निचरा चांगला देते आणि सीमेवरच्या तपासणीत मातीसारखे अडकत नाही. अडचण येते ती जमिनीत लावताना. भारी मातीच्या खड्ड्यात भुशाची हुंडी तशीच ठेवली, तर भोवतालची जमीन ओली असूनही हुंडी आतून कोरडी पडू शकते, आणि पानांच्या कडा करपल्या की दोष उन्हाला दिला जातो. म्हणून बरेच अनुभवी लोक झाड सुप्तावस्थेत असताना भुसा बोटांनी सैल करून बाहेरची मुळे मातीला भिडवतात, पहिले दोन उन्हाळे पाणी हुंडीवरच देतात आणि कलमाच्या सांध्याखालून फुटलेला हिरवा फुटवा दिसताच काढून टाकतात.