बोलण्यातला थांबा आणि जावळीतली रेंज

जावळीतल्या डोंगरावरच्या वाडीत राहणारी मुलगी साताऱ्यातल्या समुपदेशक मॅडमशी व्हिडिओ कॉलवर बोलते, तेव्हा ती बहुधा घरात नसते. घर दोन खोल्यांचं, आजी सोप्यातच बसलेली, आणि रेंज उंबऱ्याच्या आत धड येत नाही. मग सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या खडकाळ सपाटीवर जायचं, दगड बघून बसायचं, कानात इयरफोन घालायचे.

अशा कॉलमध्ये पहिला घोळ होतो तो गप्प बसण्याचा.

समोरासमोर बोलताना एकाचं संपलं की दुसरा किती वेळात सुरुवात करतो? जपानी, डॅनिश, इटालियन अशा दहा भाषांतली संभाषणं 2009 साली तपासली गेली. हो-नाही अशा प्रश्नांच्या उत्तरांआधीचं अंतर सरासरी सुमारे 200 मिलिसेकंद निघालं. पापणी लवायला लागतो, साधारण तेवढाच वेळ. म्हणून उत्तर यायला चार सेकंद लागले, तर ते चार सेकंदच बरंच काही सांगून जातात. 'घरी कुणाला बोललीस का?' असं विचारल्यावर आलेली शांतता मोडायची नसते, हे समुपदेशक मुद्दाम शिकलेला असतो.

पण सड्यावरून बोलताना ही शांतता आहे की चित्र गोठलंय? मॅडम 'हॅलो, ऐकू येतंय का?' म्हणतात आणि मुलीच्या ओठांवर आलेलं वाक्य परत आत जातं.

आवाजाचे तुकडे होऊन ते टॉवर, सर्व्हर असा प्रवास करतात आणि पलीकडे पुन्हा जुळवले जातात. एका दिशेचा उशीर 150 मिलिसेकंदांच्या आत असावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. उशीर वाढला की आपण दोष लाइनला देत नाही, माणसाला देतो. जर्मनीतल्या संशोधकांनी 2014 मध्ये हे दाखवलं: सव्वा सेकंदाच्या आतल्या उशिरानंही समोरचा कमी लक्ष देणारा वाटू लागला. 'मॅडमचं माझ्याकडं लक्षच नाही,' एवढंच मुलीला वाटतं.

त्यात कॅमेरा पडद्याच्या वर. चेहऱ्याकडं पाहिलं की नजर खाली गेल्यासारखी दिसते. मला विचाराल तर रेंज पातळ असेल तिथं साधा फोन बरा. सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची मदतसेवा 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झाली, तीही मुख्यतः फोनवरच चालते; 14416 वर मराठीत बोलता येतं.

लिहून बोलण्याचं गणित निराळं. तोंडावर न निघणारं रात्री दोनला टाइप होतं. जॉन सुलर या मानसशास्त्रज्ञानं या मोकळेपणाबद्दल 2004 मध्ये लिहिलं. पण लिहिण्यात सूर नसतो. आपल्याकडं 'बरं' म्हणजे होकार, राग, किंवा 'आता पुरे' यांतलं काहीही.

गुप्ततेचं काय? व्हॉट्सअ‍ॅपचा मजकूर 2016 पासून वाटेत कुणाला वाचता येत नाही. मानसिक आरोग्य कायदा, 2017 गोपनीयतेचा हक्कही देतो. पण फोनचा पॅटर्न भावाला ठाऊक असेल, तर दोन्हींचा उपयोग नाही. म्हणून सुरुवातीलाच 'कुठं बसलीयेस? जवळ कोण आहे?' हे विचारायचं आणि खुणेचं एक वाक्य ठरवायचं. कुणी आलं की मुलीनं ते म्हणायचं, मॅडमनी लगेच परीक्षेचा विषय काढायचा. वाक्य काहीही चालेल, फक्त 'पाऊस आला' नको. जावळीत तो चार महिने खराच येतो.