पाइपांचा सांगाडा, वर फायबरचं कवच: घरी बनवलेल्या हेलिकॉप्टरची बॉडी अशी का?

घरी हेलिकॉप्टर बनवायचं म्हटलं की सगळे इंजिन आणि पात्यांबद्दल बोलतात, बॉडी म्हणजे काय नुसतं खोकं. पण विमान जरा जड झालं तर जास्त धावून उडेल तरी, इथे ती सोय नाही, फ्रेमचा प्रत्येक जादा किलो रोटरनेच, म्हणजे डोक्यावर फिरणाऱ्या पात्यांनीच, सरळ वर उचलायचा.

१४ सप्टेंबर १९३९ ला अमेरिकेत इगोर सिकोर्स्कींनी व्हीएस-३०० हेलिकॉप्टर जमिनीला बांधूनच पहिल्यांदा उचललं तेव्हा त्याला धड बॉडी नव्हतीच, वेल्ड केलेल्या स्टीलच्या नळ्या, ७५ हॉर्सपॉवरचं इंजिन आणि पुढे उघड्यावर हॅट घालून बसलेले स्वतः सिकोर्स्की. पन्नासच्या दशकात इगोर बेन्सनने जायरोकॉप्टरसाठी चौकोनी अल्युमिनियम पाइप नटबोल्टने जोडले. जायरो म्हणजे हेलिकॉप्टर नव्हे, त्याचा रोटर वाऱ्यावर फिरतो, पण वेल्डिंग न येणाऱ्यालाही गॅरेजात फ्रेम उभी करता येते हे त्याने दाखवलं.

हेलिकॉप्टरला मात्र नुसतं हलकं असून भागत नाही. दोन पात्यांचा रोटर मिनिटाला पाचशे फेरे मारत असेल तर फ्रेमला मिनिटाला हजार हिसके बसतात आणि तडा बहुतेक वेल्डच्या कडेलाच जातो, म्हणून नळ्यांचे त्रिकोण करायचे आणि जास्त मजबुतीचं क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेलं) स्टील घ्यायचं, म्हणजे नळी पातळ चालते. २०२१ च्या ऑगस्टमध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फुलसावंगीला स्वतः हेलिकॉप्टर बनवणारा तरुण चाचणीतच गेला, पातं तुटून. ती बातमी वाचल्यापासून कुणी 'अजून दोन किलो कमी करू' म्हटलं की मला धडकी भरते.

बेन्सननंतर अमेरिकेतल्या अॅरिझोनात बी. जे. श्रामच्या रोटरवे कंपनीने आधी स्कॉर्पियन आणि १९८० च्या सुमारास एक्झेक हे हेलिकॉप्टर आणलं. आत स्टीलचा सांगाडा, वर फायबरग्लासची केबिन, मागे अल्युमिनियम पत्र्याची शेपटी. भार सांगाड्याने घ्यायचा, कवच वाऱ्यापुरतं आणि दिसण्यापुरतं, आजही बरेच जण हाच रस्ता धरतात.

मग १९८२ ला अमेरिकेत पार्ट १०३ चा नियम आला, रिकामं वजन २५४ पाउंडाच्या आत म्हणजे साधारण ११५ किलो असेल तर पायलटचं लायसन्सच नको! कॅनडातलं मॉस्किटो हेलिकॉप्टर याच मापात बसवलेलं, त्याच्या एअर मॉडेलला केबिनच नाही, नुसता सांगाडा आणि सीट. केबिन हवी तर वजन वाढतं, पण त्याच नियमात प्रत्येक फ्लोटमागे (पाण्यावर तरंगायला खाली लावतात तो) ३० पाउंड जास्त मिळतात, म्हणून केबिनवाल्या एक्सईएल मॉडेलला खाली फ्लोट लावलेले असतात, आसपास तळं असो वा नसो.