योनिमार्गाचा बुरशीसंसर्ग आणि नैसर्गिक पूरके

योनिमार्गात कँडिडा या बुरशीची बेसुमार वाढ झाली की खाज सुटते, आग होते, लघवीच्या वेळी चुरचुरते आणि फाटलेल्या दुधाच्या गुठळ्यांसारखा पांढरा स्राव जातो. दर चार स्त्रियांपैकी सुमारे तिघींना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो. तो पुन्हा होऊ नये म्हणून दही, प्रोबायोटिक (उपयोगी जीवाणूंच्या) कॅप्सूल, लसूण, खोबरेल, टी ट्री तेल असे अनेक पदार्थ पोटातून किंवा बाहेरून वापरले जातात. त्यांनाच सैलपणे ‘नैसर्गिक पूरके’ म्हणतात. त्यांचा पुरावा तुटपुंजा आहे.

आपल्याकडे पहिली अडचण नावाचीच आहे. ‘अंगावरून पांढरं जातं’ या एका वाक्यात बाईचा नेहमीचा निरोगी स्राव, जीवाणूंचा बिघाड, ट्रायकोमोनास हा एकपेशीय परजीवी आणि बुरशी असं सगळंच येतं. आयुर्वेदातला श्वेतप्रदर हाही लक्षणाचा निर्देश आहे, एका जंतूचा नव्हे. बुरशी ओळखायची तर स्रावाचा थेंब काचपट्टीवर घेऊन त्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइड घालतात. पेशी विरघळतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे लांबट धागे व त्यांना फुटलेले गोल कोंब उरतात. ही पाच-दहा मिनिटांची तपासणी टाळून महिनोन्‌महिने घरगुती उपाय करत राहणाऱ्या कितीतरी जणींना मुळात बुरशी झालेलीच नसते.

दह्यावरच्या विश्वासामागे एक खरं शास्त्र आहे. निरोगी योनिमार्गात लॅक्टोबॅसिलस जीवाणूंचं राज्य असतं. जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ आल्बर्ट डोडरलाइन यांनी 1892 मध्ये त्यांचं वर्णन केलं. हे जीवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण 3.8 ते 4.5 राहतो. मात्र कँडिडा या आम्लातही तग धरते आणि बुरशीसंसर्गात सामू बहुधा बिघडलेला नसतो. त्यामुळे ‘आंबट वाढलं की बुरशी मरते’ हा सरळ हिशेब इथे लागू पडत नाही. शिवाय आदल्या रात्री चमचाभर विरजण लावून सकाळी लागलेल्या दह्यातले जीवाणू आणि योनिमार्गात मुरलेले लॅक्टोबॅसिलस क्रिस्पॅटससारखे जीवाणू एकाच घराण्यातले असले तरी एकच नव्हेत.

प्रयोग काय सांगतात? 1992 च्या एका अमेरिकी अभ्यासात वारंवार संसर्ग होणाऱ्या बायकांनी सहा महिने रोज वाटीभर अ‍ॅसिडोफिलस (लॅक्टोबॅसिलसचाच एक प्रकार) असलेलं दही खाल्लं. सहा महिन्यांतल्या संसर्गांची सरासरी 2.54 वरून 0.38 वर आली. निकाल आशादायक, पण 33 पैकी 13 जणींनीच अभ्यास पूर्ण केला. 2004 मध्ये ऑस्ट्रेलियात प्रतिजैविकं घेणाऱ्या 235 जणींवर लॅक्टोबॅसिलस तोंडाने आणि योनिमार्गातूनही देऊन पाहिलं. 55 जणींना संसर्ग झालाच, आणि जीवाणू घेतलेल्या व न घेतलेल्या गटांत फरक दिसला नाही. तेव्हा दही खुशाल खावं. ते अन्न म्हणून उत्तमच आहे. योनिमार्गात मात्र घालू नये, साखर घातलेलं तर नाहीच.

लसणातलं अ‍ॅलिसिन प्रयोगशाळेत कँडिडाला रोखतं, पण लसणाच्या गोळ्या गिळल्याने योनिमार्गातली बुरशी कमी झाल्याचं मेलबर्नच्या 2014 च्या चाचणीत दिसलं नाही. सोललेली पाकळी आत ठेवण्याने नाजूक त्वचा भाजते. टी ट्री तेलानेही दाह होतो. आतून धुण्याने, मग ते पाणी कशाचंही असो, उपयोगी जीवाणूच वाहून जातात.

बोरिक आम्लाची गोष्ट वेगळी. नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या कँडिडावर योनिमार्गात रोज 600 मिलिग्रॅमची कॅप्सूल तीन आठवडे वापरतात, आणि तिचा गुण येतो. पण हा उपचार आहे, पूरक नव्हे. ती पोटात गेली तर विष आहे, गरोदरपणात वर्ज्य आहे, आणि लहान मुलांच्या हाती लागेल अशी ठेवू नये.

‘नैसर्गिक’ या शब्दाचा मान खऱ्या अर्थाने नायस्टॅटिनला द्यायला हवा. एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी 1950 मध्ये ते मातीतल्या जीवाणूपासून मिळवलं, आणि आजही ते बुरशीवर दिलं जातं.

वारंवार होणाऱ्या संसर्गात पूरकांपेक्षा कारण शोधणं जास्त कामाचं ठरतं. मधुमेह काबूत नसणं, गरज नसताना घेतलेली प्रतिजैविकं, स्टिरॉइड, गर्भारपण ही नेहमीची कारणं. मधुमेहाच्या ‘ग्लिफ्लोझिन’ गटातल्या गोळ्या साखर लघवीतून बाहेर टाकतात, त्यानेही बुरशी फोफावते. अशा वेळी गोळी आपणहून बंद न करता डॉक्टरांना सांगावं. वर्षात तीन किंवा अधिक वेळा त्रास झाला तर तपासणीनंतर डॉक्टर सहसा फ्लुकोनॅझोल ही बुरशीविरोधी गोळी आठवड्यातून एकदा, सहा महिने देतात. गरोदर बाईला मात्र ही गोळी न देता क्लोट्रिमॅझोलसारखं औषध योनिमार्गातून, सात दिवस दिलं जातं.