टिफ्रॅक: २०४८ घरांत बसवलेली गणितं

जुन्या पिढीचे प्रोग्रामर आठवणी काढायला बसले की बोलणं हमखास मेमरीवर येतं: जागा किती तुटपुंजी होती आणि तेवढ्यात काय काय बसवलं. तेव्हाचा संगणक कसा होता हे ठाऊक असलं की या आठवणींचं मोल कळतं. त्यासाठी लांब जायला नको. मुंबईतच, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, टिफ्रॅक हा संगणक उभा राहिला.

कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने १९५५ साली ब्रिटनहून एचईसी-२एम हा संगणक आणला. मुंबईत मात्र आर. नरसिंहन आणि त्यांच्या छोट्याशा तरुण गटाने यंत्र स्वतःच बांधायला घेतलं. आधी छोटं प्रायोगिक यंत्र झालं, मग पूर्ण आकाराचं. फेब्रुवारी १९६० मध्ये ते रीतसर कामाला लागलं, आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला टिफ्रॅक हे नाव दिलं. त्यात सुमारे २,७०० व्हॉल्व्ह (काचेच्या निर्वात नळ्या), १,७०० डायोड आणि १२,५०० रेझिस्टर होते. देशात सुटे भाग मिळायची मारामार असताना हे उभं राहिलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

मेमरी होती २,०४८ घरांची, प्रत्येक घर ४० बिटांचं (बिट म्हणजे ० किंवा १ असा एक अंक). म्हणजे एकूण ८१,९२० बिट, आजच्या मापात जेमतेम १० किलोबाइट. एका बिटासाठी फेराइट या चुंबकी पदार्थाची एक बारीकशी कडी, आणि तिच्यातून ओवलेल्या तारा. कडीतला बिट वाचला की तो पुसला जायचा, म्हणून यंत्राला तो लगेच पुन्हा लिहावा लागे.

प्रोग्राम आणि त्याची आकडेवारी, दोन्हीची सोय याच घरांत करायची. कोणता आकडा कितव्या घरात ठेवला याची वही प्रोग्रामरच ठेवायचा. मध्येच एखादी सूचना राहून गेली तर ती घालताना पुढच्या सगळ्या सूचना पुढे सरकायच्या, आणि त्यांच्याकडे उडी मारायला सांगणाऱ्या सूचनांतले पत्ते, म्हणजे घरांचे क्रमांक, हाताने बदलावे लागायचे. त्या काळच्या बऱ्याच यंत्रांवर तर प्रोग्राम चालता चालता स्वतःच्याच सूचनेतला पत्ता एकाने वाढवायचा आणि आकड्यांची यादी ओळीने वाचून काढायचा. असा प्रोग्राम दुसऱ्याने वाचायचा म्हणजे महाकठीण काम. पण एकही घर वाया जात नसे. हे सगळं शेवटी कागदी पट्टीवर भोकं पाडून यंत्राला भरवायचं. एक भोक चुकलं की पट्टी दुरुस्त करा, नाहीतर नवी पाडा.

या पिढीला काटकसर कुणी शिकवली नाही, ती कामातूनच हाडीमाशी खिळली. म्हणूनच ही माणसं इतक्या वर्षांपूर्वीचा मेमरीतला घरक्रमांकसुद्धा अचूक सांगतात.

१९६४ मध्ये संस्थेत सीडीसी ३६०० हा अमेरिकी संगणक आला: ३२,७६८ घरं, प्रत्येक ४८ बिटांचं, आणि सोबत फोरट्रान ही प्रोग्रामिंगची भाषा. कोणता आकडा कुठे ठेवायचा हे आता कंपायलर, म्हणजे त्या भाषेतून यंत्राच्या सूचना तयार करणारा प्रोग्राम, ठरवू लागला. वर्षभरातच सगळी गणितं तिकडे वळली आणि टिफ्रॅकचं काम थांबलं.